पॉलिशला पाणी लावायचं नाही

१

आमच्या घराचे नियम मी केलेले आहेत आणि ते मोडण्याची कुणाची छाती नाही. तरीही त्या दुपारी, माझ्याच दिवाणखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, कुणाच्या तरी हातून माझ्या नातीच्या पोटात अक्रोड गेला.

ती सहा वर्षांची आहे. पेन्सिल, फ्रॉकची कॉलर, पुस्तकाचा कोपरा, जे हाती लागेल ते कुरतडते. म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. खारीच्या जातीला न शोभणारी एकच गोष्ट तिच्यापाशी आहे. अक्रोडाचा कण जरी पोटात गेला, तरी तिचे शरीर त्याच्यावर शत्रूसारखे तुटून पडते आणि त्या लढाईत स्वतःच घायाळ होते. केकच्या एका घासाने हे आम्हाला दोन वर्षांपूर्वी कळले. तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत अक्रोड आलेला नाही, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी गिऱ्हाईक यायचे होते. खाली कारखाना आणि वर राहते घर, अशी आमची मांडणी. दिवाणखान्यातले प्रत्येक मेज, प्रत्येक खुर्ची हा आमच्या कारखान्याचा नमुना आहे. गिऱ्हाइकाने वर यावे, हात फिरवून पाहावा आणि तसेच मागावे. म्हणून गिऱ्हाईक येण्याआधी मी स्वतः सगळ्या लाकडावरून तळहात फिरवते. त्या दिवशीही फिरवला. खिडकीपाशी खारूचे लिहायचे मेज आहे. तेदेखील नितळ होते, आणि मला समाधान वाटले. कारण आठवड्यापूर्वीच त्या मेजावरून मी तिला चांगले फैलावर घेतले होते.

खारू मेजाशी बसून चित्र रंगवू लागली. थोड्या वेळाने तिचा बारीक आवाज आला.

"आजी, माझा ओठ जाड झालाय."

मी वळून पाहिले. खालचा ओठ सुजला होता, हनुवटीवर लाल चट्टे उठले होते, आणि श्वासाबरोबर शीळ ऐकू येत होती. मी हाक मारेपर्यंत सून धावत आली. तिने खारूला माझ्या अंगाशी टेकवून बसते केले, नेहमी जवळ ठेवायच्या पिशवीतले तातडीचे इंजेक्शन काढले आणि फ्रॉकवरूनच मांडीत दाबून धरले. मग लगेच रुग्णवाहिकेला फोन केला.

"मला चालता येतं," खारू कुरकुरली.

"येत असेल. पण आत्ता उठायचं नाही, बाळा."

संध्याकाळपर्यंत पोरगी हसू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या.

"महिन्याभरात तिसऱ्यांदा," त्या म्हणाल्या. "आधी दोनदा नुसते चट्टे आले होते. या वेळी श्वासावर आलं. तपासणीत तिला अक्रोडाशिवाय दुसऱ्या कशाचंही वावडं नाही. म्हणजे अक्रोड तुमच्या घरातच कुठंतरी आहे. तो सापडेपर्यंत मला तिला अक्रोड सोसावा म्हणून ठरवलेले उपचार सुरू करता येणार नाहीत, आणि तोवर तिला त्या घरात ठेवू नका, असंच मी सांगेन."

सून माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत ती मला कधी उलट शब्द बोललेली नाही. तो त्या दिवशीही बोलली नाही.

"आई, दवाखान्यातून सोडलं की मी तिला माझ्या आईकडं घेऊन जाते," ती म्हणाली. "परत कधी येऊ, ते आत्ता विचारू नका."

२

मी दोन दिवस मागून घेतले. डॉक्टरीणबाई तेवढे दिवस तिला दवाखान्यातच ठेवायला कबूल झाल्या.

पहिला संशय स्वयंपाकघरावर जाणे साहजिकच होते. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी मला तोंड उघडूच दिले नाही. एकेक डबा ओट्यावर आपटत त्या उघडत गेल्या.

"बघा. हे पीठ, ही साखर, ही डाळ. माझा पदर झटकून बघा, माझे हात हुंगून बघा! पोरीच्या पहिल्या घासापासून मी तिला भरवलंय. माझ्या हातचं नको झालं असेल तर तसं सरळ सांगा, उगाच डब्यांआडून बोलू नका."

"बाई, मी अजून एक शब्दही बोलले नाही."

"तुम्ही बोलत नाही तेव्हाच भीती वाटते."

स्वयंपाकघर निर्मळ निघाले. शिवाय त्या दुपारी जे सगळ्यांच्या ताटात होते तेच खारूच्या ताटात होते, आणि ते जेवण होऊन बराच वेळ लोटला होता.

दुसरा संशयित माझा धाकटा मुलगा. मी दिवाणखान्यात बसवताच तो घामाघूम झाला. चोराच्या मनात चांदणे; मी पिशवी मागितली, आणि तीत अक्रोडाच्या केकचा चुरगळलेला कागद सापडला.

"आई, शपथेवर सांगतो, मी ऑफिसातच खातो! घरात एक कण आणत नाही. वर येण्याआधी हाताला ते जेल लावतो, जंतू मारायचं."

"अक्रोड हा जंतू आहे का रे?" दारातून सुनेचा आवाज आला. खारूचे कपडे न्यायला ती घरी आली होती. "डॉक्टरांनी आजच मला सांगितलं. जेलनं अक्रोड मरत नाही की निघत नाही, नुसता पसरतो. साबण आणि पाणीच लागतं."

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं." ती खाली पाहत म्हणाली. "पहिल्यांदा चट्टे आले, तेव्हापासून मी ही सगळी मेजंखुर्च्या त्याच जेलच्या फडक्यानं पुसतेय. साबणाचं पाणी घेणार होते, पण..."

पुढचे वाक्य तिने गिळले. ते कुणी बोलण्याची गरजही नव्हती. पॉलिशला पाणी लावायचे नाही, हा या घरातला सर्वांत जुना नियम आहे, आणि तो माझा आहे.

धाकट्याला मात्र सोडावे लागले. आधीच्या दोन्ही वेळी तो कामानिमित्त परगावी होता.

"म्हणजे तू गुन्हेगार नाहीस," मी निकाल दिला. "नुसता गाढव आहेस. जा, हात धू. साबणानं."

थोरला मुलगा, म्हणजे खारूचा बाप, कारखाना सांभाळतो. भुसा घरात येऊ नये म्हणून खालीच साबणाने आंघोळ करून, कपडे बदलून तो वर येतो. त्याच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. डोळे मात्र रडून सुजले होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आमचे हे म्हणाले, "आणि मला नाही विचारणार?"

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला गोड वर्ज्य, तोंडात दात नाहीत, आणि अक्रोड फोडायचं म्हटलं तर मनगटात जोर नाही."

ते हसले. बोटे नेहमीसारखीच तपकिरी होती. उभा जन्म पॉलिशमध्ये बुडालेली बोटे म्हातारपणी गोरी होत नाहीत. पण हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. खिडकीपाशी खारूची रिकामी खुर्ची होती, आणि ते सारखे तिच्याकडेच पाहत होते.

३

साक्षीदारांमध्ये सर्वांत महत्त्वाची व्यक्ती दवाखान्याच्या पलंगावर पाय हलवत बसली होती. तिला विचारायचे कुणाला सुचलेच नव्हते.

"खारू, त्या दिवशी चित्र काढताना काय खाल्लंस?"

"काही नाही."

"खरं सांग."

"खरंच काही नाही, आजी."

"बरं. सूज कुठून सुरू झाली?"

तिने बोट खालच्या ओठावर ठेवले. मग ते आत सरकवून पुढच्या दातांना लावले. "इथं आधी खाजलं. मग हनुवटीला."

"हातांना?"

"हातांना काही नाही झालं."

मी विचारात पडले. तिच्या हातांनी एखादी दूषित वस्तू धरली असती, तर चट्टे आधी हातांवर उठले असते. खाल्ले काही नव्हते. म्हणजे एखादी वस्तू हातांत न घेता थेट दातांपाशी गेली होती. किंवा दातच त्या वस्तूपाशी गेले होते.

"खारू, खाल्लं नसशील. पण तोंडात काही घातलं होतंस का?"

तिने पाय हलवायचे थांबवले.

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तू आधी नेहमी असंच म्हणतेस."

शेजारच्या पलंगावरच्या पोराची आई खुदकन हसली. मी तिच्याकडे नुसते पाहिले, तशी ती पांघरुणाची घडी करू लागली. खारू मात्र पुढे एक शब्द बोलली नाही. तिला माझी भीती वाटत होती, आणि तिचे मौन मला हवे ते सांगून गेले.

मी तडक घरी आले. खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला आणि खारूच्या मेजाच्या काठावर वाकले. उजेडात तो काठ इंच-इंच न्याहाळला.

जे तिथे असायलाच हवे होते, ते तिथे नव्हते.

४

दातांच्या खुणा.

आठवड्यापूर्वी त्या काठावर उंदराने कुरतडल्यासारखे पांढुरके ओरखडे होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. विचारात गुंतली की खारू हनुवटी टेकवून मेजाचा काठ दातांत धरते, आणि त्यावरूनच मी तिला रडेपर्यंत बोलले होते. पुढच्या पाहणीत काठ नितळ दिसला, तेव्हा माझा धाक कामी आला असे मी समजले.

पण लाकूड म्हणजे कातडी नव्हे. ओरखडा आपोआप भरून येत नाही. तो कुणीतरी दडवला होता. आठवून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली: तिन्ही वेळा पोरीला त्रास झाला तो गिऱ्हाईक येण्याच्या दिवशी, म्हणजे माझ्या पाहणीच्या दिवशी. माझा तळहात फिरण्याआधी कुणीतरी तो काठ साफ करत होते.

हे करणारा माणूस खारूचा वैरी नव्हता. तिला माझ्या बोलण्यापासून वाचवणारा होता.

कोण, याचा अंदाज बांधता आला असता. पण माझ्या घरात अंदाजावर कुणाला दोषी धरले जात नाही. सापळा लावायचा, तर काठावर नव्या खुणा हव्या होत्या, आणि कुरतडणारी तर दवाखान्यात होती. मी दार लावून घेतले. मग मेजापुढे गुडघे टेकले, खारूच्या जागेपासून दूरचा कोपरा निवडला आणि माझ्या कवळीने तो कचकन चावला. एका जन्मात माणसाला काय काय करावे लागते!

जेवणाच्या वेळी, खारूपाशी सुनेची आई बसलेली असताना, मी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"त्या मेजावर पुन्हा दातांच्या खुणा आहेत. उद्या गिऱ्हाईक येणार. पोरगी घरी आली की मी तिची चांगलीच खबर घेणार आहे."

सून ताठ झाली. थोरल्याने ताट सरकवले. बाईंनी भांडे नको तितक्या जोरात ठेवले. धाकटा म्हणाला, "आई, ती आजारी आहे गं!"

आमचे हे काहीच बोलले नाहीत.

दुपारी घर शांत झाले. शेजारच्या खोलीत, दार किलकिले ठेवून मी वर्तमानपत्र उघडून बसले. एकही अक्षर वाचले नाही. मग दिवाणखान्यात चपलांचा ओळखीचा घसटता आवाज आला. मेजापाशी तो थांबला, आणि लाकडावर काहीतरी घासल्याचा मऊ, लयीतला आवाज सुरू झाला.

मी दार उघडले.

५

आमचे हे मेजावर वाकले होते. हातात लिंबाएवढी, तेलाने काळी पडलेली कापडी पुरचुंडी होती. मला पाहून त्यांनी ती मुठीत लपवली, एखाद्या शाळकरी पोरासारखी.

"तिला बोलू नकोस गं," ते म्हणाले. "कोवळं पोर आहे. एवढासा ओरखडा, आत्ता जातो. हे बघ, गेलाच."

"आधीही तुम्हीच घालवलेत?"

"मग? तू बोललीस की ती तास तास गप्प बसते. मला बघवत नाही." त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "या वेळी खुणा जरा मोठ्या वाटल्या. म्हटलं, पोरीचे दात वाढले."

"अहो," मी शक्य तितक्या हळू म्हटले, "त्या पुरचुंडीत काय आहे?"

"त्यात काय असायचंय? पुरचुंडी आहे. ओरखड्यावर घासायची. कारखान्यात पहिल्यापासून..."

आणि ते थांबले.

मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे. ते गप्प होतात म्हणजे काय होते, ते मला कळते. त्यांनी मूठ उघडून पुरचुंडीकडे पाहिले, आणि जणू पहिल्यांदाच पाहिले.

"अक्रोडाचा गर," ते पुटपुटले. "कुटून, कापडात बांधून. त्याच्या तेलानं पांढरा ओरखडा लाकडाच्या रंगात मिसळतो. मी... अगं, मी स्वतःच्या हातानं..."

मी त्यांना खुर्चीत बसवले आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

मी सगळ्यांना कारण समजावून सांगितले. खारू मेजाचा काठ कुरतडते. आजोबा तो ओरखडा पुरचुंडीने दडवतात. पुढच्या खेपेला ती पुन्हा तोच काठ दातांत धरते आणि लाकडात मुरलेला अक्रोड चाटते. सून काठ जेलने पुसते, त्याने तो निघत नाही. साबणाने निघाला असता, तर माझा नियम आड येतो. पहिल्या दोन वेळी लेप पातळ होता, म्हणून चट्ट्यांवर भागले. ओरखडे वाढत गेले, तसा लेपही जाड होत गेला.

"पण बाबा, तुम्हाला तर माहीत होतं तिला अक्रोड चालत नाही!" धाकटा म्हणाला.

"त्यांना ओरडू नकोस," थोरला मध्येच बोलला. "माझ्या कारखान्यात आजही फळीवर तसल्या चार पुरचुंड्या आहेत, पॉलिशकागदाच्या शेजारी. रोज दिसतात मला. त्यात अक्रोड आहे असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. माझ्या लेखी ते पटाशीसारखं एक औजार आहे."

यातच सगळे रहस्य होते. आम्ही दोन वर्षे घरात खायचा अक्रोड टाळत होतो. आमच्या घराण्यात अक्रोड ही खायची वस्तू कधी नव्हतीच.

आमचे हे उठून सुनेसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "मुली, तू तिला घेऊन जा. माझ्यासारख्या माणसाच्या घरात..."

सगळ्यांचे डोळे सुनेकडे लागले. माझेही.

तिने पुढे होऊन ते जोडलेले हात सोडवले. "बाबा, हात धुऊन या आधी," ती म्हणाली. "साबणानं. मग बोलू."

ते गेले, तशी मी बाईंकडे वळले.

"बाई, बादलीभर कोमट पाणी आणा. साबण घालून. आणि फडकी."

"कशाला?"

"मेज धुवायला."

बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले. मी पदर खोचला आणि स्वतः तो काठ घासायला घेतला. पॉलिश ढगाळले, मग सोलून निघाले. त्याखालून पांढुरके ओरखडे एकेक करून वर आले, बारीक बारीक, जोडीजोडीने. सून माझ्या शेजारी बसली, दुसरे फडके घेतले आणि खुर्च्या पुसू लागली. तिची बॅग दाराशी भरलेली होती. संध्याकाळी बाईंनी ती न विचारता उचलून आत ठेवली, आणि ती परत बाहेर काढायला कुणी गेले नाही.

६

तो काठ थोरल्याने कापून काढला आणि तिथे नवी पट्टी बसवली. फळीवरच्या पुरचुंड्या गेल्या. ओरखड्यांना आता रंगीत मेण लावतात. आमच्या ह्यांच्या मते ते पाणचट काम आहे, पण ते दिवसातून सहा वेळा हात धुतात. घरातले लाकूड साबणाच्या फडक्याने पुसले जाते, आणि जगबुडी झालेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले. अक्रोडाचाच कण, डोळ्याला दिसेल न दिसेल इतका, त्यांच्यासमोर, त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत.

"हे घरी करून बघू नका," त्यांनी बजावले. "तिला अक्रोड खायला लावण्यासाठी हे नाही. उद्या चुकून कण गेलाच, तर तिच्या शरीरानं युद्ध पुकारू नये, एवढ्यासाठी आहे. वेळ लागेल. इंजेक्शन पिशवीत राहीलच."

पहिल्या दिवशी आमचे हे दवाखान्याच्या बाकावर माझा हात घट्ट धरून बसले. चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरलेला नव्हता. खारूने जीभ बाहेर काढून दाखवली, डॉक्टरीणबाईंनी ती तपासली. आम्ही वाट पाहिली. काहीही झाले नाही. काहीही न होणे इतके सुंदर असते, हे मला या वयात कळले.

परवा एक गिऱ्हाईक आले. त्या गिऱ्हाईक बाईंना खारूचे मेज आवडले. त्यांनी काठाच्या नव्या पट्टीवरून हात फिरवला आणि त्या थबकल्या.

"इथं काहीतरी कुरतडल्यासारखं आहे."

खारू माझ्याकडे पाहत उभी होती, कॉलर दातांत धरून. आमचे हे खुर्चीतून अर्धे उठले.

"आहे," मी म्हटले. "हवं तर तुम्हाला असंच दुसरं करून देऊ. हे मात्र विकायचं नाही. यावर काम चालू आहे."

खारूने कॉलर सोडली, मेजाशी जाऊन बसली, हनुवटी नव्या पट्टीवर टेकवली आणि माझ्याकडे तिरप्या डोळ्याने पाहत हळूच दात लावले.

मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाला कपाट दाखवायचे होते.